आवाज अडतो कुठे?

अगं, सगळ्यात आधी एक ऐक. ॲम्पचा आवाज गेला की त्याच्या डोक्यावर थाप मारायची नाही. थापेनं आवाज परत येतो हे मला ठाऊक आहे, म्हणून तर जो तो मारतो. पण त्यानं बिघाड जात नाही. तो दबा धरून बसतो आणि नेमका कार्यक्रमात, तुझ्या सोलोच्या वेळी वर येतो. थाप मारल्यावर आवाज आला होता, एवढं मात्र लक्षात ठेव. ते आपल्याला पुढे कामाला येणार आहे.

तुझा मेसेज नीट वाचला. पंधरा-वीस मिनिटं छान वाजतो, मग आवाज एकदम मंद होतो, कधी पूर्णच जातो, आणि जोरात कॉर्ड मारला की पुन्हा येतो. हे तू फार चांगलं टिपलंस. त्यानंतर बँडच्या ग्रुपवर ‘सॉरी, माझ्यामुळे प्रॅक्टिस थांबते’ असं लिहिलंस, ते मात्र मला खुपलं. तुमच्या ड्रमरचं पेडल तुटलं तेव्हा त्यानं कुणाची माफी मागितली होती का? यंत्र आहे, बिघडणारच. त्यात तुझा काय गुन्हा? आणि ‘जुना माल आहे, विकून टाक’ हा सल्ला जो कुणी दिला, त्यानं ॲम्प उघडून तरी बघितला होता का? फिरोदिया करंडकाच्या तालमी तोंडावर आल्यात म्हणून घाबरून नवीन ॲम्प घ्यायला धावू नकोस. आई-बाबांकडे पैसे मागायच्या आधी दोन संध्याकाळी मला दे.

मी दिवसभर स्टेजवरच्या तारांमध्येच असते, म्हणून खात्रीनं सांगते. एखादा भाग पुरता जळला तर आवाज जातो तो जातोच. येतो-जातो, येतो-जातो असं होतं, तेव्हा बहुतेक वेळा कुठेतरी काहीतरी टेकतंय आणि सुटतंय. म्हणजे लूज कॉन्टॅक्ट, नाहीतर ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला टाका, नाहीतर जॅकच्या आतल्या पट्टीवर चढलेला थर. हे सगळे स्वस्तातले बिघाड आहेत. त्यांना शोधून काढणं तेवढं चिकाटीचं काम.

शोधायचं कसं? आपल्या पोफळीच्या बागेत पाटाचं पाणी शेवटच्या झाडापर्यंत पोचलं नाही की आबा काय करायचे, आठव. पहिल्या आळ्यापासून एकेक बघत नाही बसायचे. थेट मधल्या आळ्यापाशी जायचे. तिथे पाणी असलं तर अडलंय ते पुढे, नसलं तर मागे. तेच कर. तुझा सूर पिकअपमधून निघतो, गिटारच्या व्हॉल्यूममधून जॅककडे, जॅकमधून केबलमध्ये, केबलमधून ॲम्पच्या इनपुटला, तिथून प्रीॲम्प, मग पॉवर ॲम्प आणि शेवटी स्पीकर. या वाटेचा मध्य म्हणजे प्रीॲम्प आणि पॉवर ॲम्प यांची सांधेजागा. तिथे जाऊन बघायचं.

पण त्याहीआधी, हाताला काही न लावता, नुसत्या कानांनी करायची एक तपासणी आहे. पुढच्या वेळी आवाज गेला की गडबडून केबल हलवायला जाऊ नकोस. शांत राहा आणि स्पीकरजवळ कान ने. ॲम्प चालू असताना मागे एक बारीक ‘स्स्स’ कायम असतो ना, तो अजून आहे का? मास्टर व्हॉल्यूम फिरवल्यावर तो कमी-जास्त होतो का? सूर गेला आणि ‘स्स्स’ तसाच राहिला, तर पॉवर ॲम्प आणि स्पीकर जिवंत आहेत, अडलंय ते अलीकडे. ‘स्स्स’सुद्धा गेला, अगदी मुका झाला, तर पलीकडे बघायचं. स्प्रिंगचा रिव्हर्ब असेल तर रिव्हर्ब वाढवून ॲम्पला हलकाच धक्का दे. स्प्रिंगा आपटल्याचा ‘खण्ण’ आवाज स्पीकरमधून आला, तर तिथून पुढचा रस्ता मोकळा आहे असं समज. एवढं झालं की हातात मोबाइल घे आणि आवाज गेल्याचा व्हिडिओ काढून ठेव. का, ते पुढे सांगते.

आता तुझा ॲम्प फिरवून त्याची पाठ बघ. ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ असं लिहिलेली दोन भोकं आहेत. तू ती कधीच वापरली नाहीस, तुझी पेडलं तू पुढेच जोडतेस. माझी पहिली शंका तिथेच आहे. तू तिथे काही जोडलं नाहीस तरी बहुतेक ॲम्पमध्ये तुझा सूर त्या भोकांवरूनच जातो. रिटर्नच्या जॅकच्या आत एक लवचीक पट्टी असते. भोक रिकामं असताना ती शेजारच्या दुसऱ्या टोकाला टेकून राहते आणि प्रीॲम्पकडून आलेला सूर सरळ पॉवर ॲम्पकडे सोडते. पिन आत घातली की पट्टी उचलली जाते, सरळ वाट बंद होते आणि सूर पेडलांतून फिरून परत येतो. व्यवस्था छान आहे, पण तिचं एक दुखणं आहे. वर्षानुवर्षं पिन आत गेलीच नाही, तर ती दोन टोकं एकमेकांवर कधी घासलीच जात नाहीत. त्यांच्यावर थर चढत राहतो. दुरुस्तीवाले म्हणतात, कार्बन आलाय. तो थर डोळ्यांना धड दिसतही नाही, पण गिटारसारख्या नाजूक सिग्नलला तेवढा पुरतो. हळू छेडलेला सूर तिथे अडतो आणि जोरदार कॉर्डचं व्होल्टेज त्या पापुद्र्याला भेदून पार जातं. तू लिहिलंस ना, जोरात वाजवलं की परत येतो म्हणून? ते वाक्य वाचलं आणि माझं लक्ष थेट त्या रिटर्नच्या भोकाकडे गेलं.

आणि तो ॲम्प अख्खा पावसाळा होता कुठे, ते आठव. रत्नागिरीच्या घरी, माडीवर, समुद्राकडच्या खिडकीखाली. तिथे महिन्याभरात कडी-कोयंड्यावर तांबूस भुकटी जमते, तर त्या एवढ्याशा पट्टीचं काय झालं असेल! गोव्यातल्या, मालवणातल्या, अलिबागेतल्या वाजवणाऱ्यांना हा त्रास पुण्या-नागपूरवाल्यांपेक्षा जास्त होतो, तो या खाऱ्या दमट हवेमुळे.

तपासणी सोपी आहे. पेडलबोर्डवरची एक छोटी पॅच केबल घे. व्हॉल्यूम शून्यावर आण. केबलचं एक टोक सेंडमध्ये, दुसरं रिटर्नमध्ये घाल. आता ती आजारी पट्टी वाटेतून बाजूला झाली. व्हॉल्यूम हळूहळू वर ने आणि नेहमी वाजवतेस तसंच तासभर वाजव. हळूही वाजव, जोरातही वाजव. तासाभरात आवाज एकदाही गेला नाही, तर चोर सापडला.

मग उपाय. ॲम्प बंद कर, प्लग भिंतीतून काढ. पिनवर कॉन्टॅक्ट क्लीनरचा हलका फवारा मार आणि ती रिटर्नमध्ये दहा-पंधरा वेळा आत-बाहेर कर. सेंडलाही तसंच. पुन्हा थोडा फवारा, पुन्हा आत-बाहेर. मग चांगलं वाळू दे, कारण यातले बरेच फवारे पेट घेणारे असतात, ओले असताना ॲम्प चालू करायचा नाही. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर म्हणून माग, मिळतो. दाराच्या बिजागरीला मारतात तो तेलकट स्प्रे मात्र वापरू नकोस. दोन दिवस बरं वाटतं, मग त्या तेलावर धूळ बसते आणि पहिल्यापेक्षा वाईट होतं. हे करूनही महिन्याभरात त्रास परत आला, तर जॅक बदलून घ्यायचा, ते काम मोठं नाही. आणि तोवर ती पॅच केबल तशीच लावून ठेवलीस तरी बिघडत नाही. कितीतरी चांगले वाजवणारे ती कायम लावूनच ठेवतात.

हेडफोनच्या भोकाचंही हेच आहे हं. हेडफोन लावला की स्पीकर बंद होतो, तो अशाच एका पट्टीमुळे. तिच्यावर थर आला, तर हेडफोन नसतानाही स्पीकर मध्येच गप्प होतो. रात्री हॉस्टेलवर हेडफोन लावून वाजवतेस, म्हणजे ती पट्टी निदान घासली तरी जाते. पण एक परीक्षा कर: आवाज गेलेला असताना हेडफोन लाव. त्यात सूर स्वच्छ येत असेल, तर आतलं बरंचसं ठीक आहे आणि दोष हेडफोनच्या जॅकचा किंवा स्पीकरच्या बाजूचा.

पॅच केबल लावूनसुद्धा आवाज गेला, तर? मग गिटारची केबल काढून थेट रिटर्नमध्ये घाल. आवाज बारीक येईल, टोनची आणि गेनची बटणं काम करणार नाहीत, घाबरू नकोस, प्रीॲम्पला वगळलंय आपण. असं बराच वेळ न तुटता वाजलं, तर पॉवर ॲम्प आणि स्पीकर बरे आहेत, दोष अलीकडचा. मग उलटं कर: गिटार पुढच्या इनपुटला आणि सेंडमधून केबल काढून तुझ्या ऑडिओ इंटरफेसला. सूर तिथेच तुटत असेल, तर प्रीॲम्प किंवा त्याच्याही आधीचं काहीतरी. एवढ्या दोन चाचण्यांत तुझी अर्धी अडचण संपते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मात्र कटाक्षानं पाळ. केबलही बदलली, पेडलही काढलं, बटणंही फिरवली आणि आवाज आला, तर कशामुळे आला हे कुणालाच सांगता येत नाही. वहीत लिहून ठेव. वेळ, काय बदललं, काय झालं, एवढंच.

गिटारची केबल आधी का नाही सांगितली, म्हणशील. खरं तर केबल हा सगळ्यात जास्त वेळा सापडणारा गुन्हेगार आहे, आणि दुसऱ्या चांगल्या केबलनं, पेडलं सगळी काढून, गिटार थेट ॲम्पला लावून बघणं हे कुणीही पहिल्या मिनिटाला करावं. तू ते केलं आहेस म्हणून पुढे गेले. पण केबल पारखायला शीक, जन्मभर उपयोगी पडेल. साधा मल्टिमीटर घे, बीप वाजणाऱ्या खुणेवर ठेव. पिनच्या टोकाला मीटरची एक काडी, दुसऱ्या पिनच्या टोकाला दुसरी: बीप वाजला पाहिजे. दांड्याला आणि दांड्याला लावलं तरी वाजला पाहिजे. टोक आणि दांडा एकमेकांना लावलं, तर वाजता कामा नये. आता खरी गंमत पुढे आहे. काड्या तशाच धरायला मैत्रिणीला सांग आणि तू केबल पिनेच्या तोंडापाशी हळूहळू वाकव. बीप तिथेच तुटतो. पिनेचं झाकण फिरवून काढ, आत बघ: मधली तार टोकाच्या पत्र्याला चिकटलेली असते आणि बाहेरची जाळी पिळून दुसऱ्या पत्र्याला. चांगला सोल्डर गुळगुळीत आणि तारेवर पसरलेला असतो. तिथे मातकट, दाणेदार गोळा दिसला आणि तार त्यातून हलत असली, तर तो ड्राय सोल्डर. नवी पिन घ्यायची झाली तर दुकानात पी-३८ मोनो म्हणून माग, आणि धातूच्या झाकणाची, आत केबल धरून ठेवणारा चिमटा असलेली घे. केबल कोपराला गुंडाळायची सवय सोड बाई, तिच्यातली तार पीळ पडून पडून आतल्या आत तुटते.

गिटारचंही बघ. जॅकचा नट सैल होऊन अख्खा जॅक फिरत असेल, तर आतल्या तारांना पीळ बसतो आणि एक दिवस तुटतात. नट घट्ट करताना जॅक आतून धरून ठेव, नाहीतर तूच पीळ देशील. तुझ्या त्या दुसऱ्या गिटारमध्ये ॲक्टिव्ह पिकअप आहेत, त्यांना ९ व्होल्टची बॅटरी लागते. केबल लावलेली राहिली की ती बॅटरी रात्रभर खर्च होत असते. बॅटरी उतरत आली की आधी सूर फाटतो, मग दबतो, मग जातो, आणि लोक ॲम्प उघडायला बसतात. पिकअप बदलायचा स्विच आणि व्हॉल्यूमचं बटण पाच-दहा वेळा इकडून तिकडे फिरवून खरखर ऐकून घे, म्हणजे त्यांचीही शंका मिटेल.

आता तुझ्या मेसेजमधलं दुसरं वाक्य: पंधरा-वीस मिनिटांनी होतं. हे मला थोडं सतावतंय. रिटर्नच्या पट्टीवरचा थर घड्याळ बघत नाही, तो पहिल्या मिनिटालाही त्रास देऊ शकतो. ठरावीक वेळ गरम झाल्यावरच आवाज जातो आणि बंद करून थंड झाल्यावर पुन्हा नीट येतो, ही खूण बहुतेकदा ड्राय सोल्डरची असते. बोर्ड तापला की धातू प्रसरण पावतो आणि सोल्डरमधली केसाएवढी चीर उघडते. कॉम्बो ॲम्पमध्ये तर बोर्ड आणि स्पीकर एकाच पेटीत, म्हणजे प्रत्येक कॉर्डला बोर्ड थरथरतो. सगळ्यात आधी तडकतात ते बोर्डावरच सोल्डर केलेल्या जॅकचे पाय, कारण पिन घालता-काढताना सगळा जोर त्यांच्यावर येतो. थाप मारल्यावर आवाज येतो, हे इथे जुळतं. म्हणून पॅच केबल लावून तासभर वाजव असं म्हटलं, पाच मिनिटं नाही. पॅच केबल असूनही विसाव्या मिनिटाला आवाज गेला, तर मी ड्राय सोल्डरवर पैज लावेन.

एक साधी शक्यताही मध्येच तपासून घे. काही ट्रान्झिस्टर ॲम्प फार तापले की स्वतःला वाचवायला गप्प होतात. तुझा ॲम्प तालमीच्या खोलीत भिंतीला चिकटवून, वर पडद्याचं कापड टाकून ठेवतेस का? मागे मोकळी हवा दे, जाळी पुसून काढ. बाहेरचा जादा स्पीकर जोडला असेल, तर तो पाठीमागे लिहिलेल्या ओहमपेक्षा कमी नाही ना, तेही बघ.

स्पीकरचं थोडक्यात. त्याच्या दोन तारा पत्र्याच्या टोप्यांनी खोचलेल्या असतात, त्या थरथरीनं सैल होतात. ॲम्प बंद, प्लग काढलेला, आणि तोही काही वेळ काढून ठेवलेला, असं असतानाच पाठ उघडी असेल तर टोप्या नीट बसवून घे. मल्टिमीटरवर ८ ओहमचा स्पीकर साधारण ६ ते ७ दाखवतो, ते बरोबर आहे. तारा सोडून १.५ व्होल्टचा सेल क्षणभर टेकवला की स्पीकरनं ‘टप्’ करून कागद हलवला पाहिजे. कागदाकडे जाणाऱ्या त्या विणलेल्या लवचीक तारा बघ, त्या आतून तुटल्या की कागद एका ठरावीक जागी असतानाच आवाज येतो. आणि सूर जाताना समोरचा लाल दिवाही मिटत असेल, तर हे सगळं सोड आणि एक्स्टेन्शन बोर्ड, पॉवर केबल बघ. फ्यूज गेला तर त्याच आकड्याचा नवा घालायचा. तांब्याची तार गुंडाळून कुणी चालू करून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू देऊ नकोस.

इथे मी जरा कडक होते, ऐकून घे. तुमच्या तालमीच्या खोलीत तो व्हॉल्व्हचा मोठा ॲम्प आहे ना, तुला ज्याचं फार कौतुक आहे, त्याचं झाकण तू उघडायचं नाहीस. त्याच्या आत ४०० व्होल्ट आणि त्याहून जास्तही असू शकतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर ते धरून बसतात. घरातल्या २३० व्होल्टला आपण किती घाबरतो, मग याला किती घाबरायला हवं! आणि स्पीकर जोडल्याशिवाय तो कधीही चालू करायचा नाही, त्यानं आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो, आणि तो खर्च खरंच मोठा असतो. स्पीकरला जाड स्पीकर केबलच लावायची, गिटारची बारीक केबल नाही. त्याला बाहेरून जे करता येतं, ते खुशाल कर: व्हॉल्व्ह मागून दिसत असतील, तर ॲम्प चालू असताना लाकडी पेन्सिलीच्या टोकानं प्रीॲम्पच्या छोट्या व्हॉल्व्हला, १२एएक्स७ म्हणतात त्यांना, अगदी हलकेच टिचकी मार. कडकड झाली किंवा सूर येऊ-जाऊ लागला, तर व्हॉल्व्ह किंवा त्याचं सॉकेट दोषी. बंद करून, पूर्ण गार झाल्यावर तो व्हॉल्व्ह सरळ धरून किंचित वर-खाली करून पुन्हा बसवला, तरी सॉकेटवरचा थर घासला जातो. आत नारिंगी उजेड असतो तो हवाच. पण मोठ्या व्हॉल्व्हमधला धातूचा पत्राच लाल होऊ लागला, तर तत्क्षणी बंद कर. ते मोठे पॉवर व्हॉल्व्ह तू बदलायचे नाहीत, त्यांचं बायस लावावं लागतं.

आणि अर्थिंग. जुन्या वाड्यांतल्या खोल्यांमध्ये तीन भोकांचा सॉकेट असतो, पण तिसऱ्या भोकाला मागे तारच नसते. गिटारच्या तारांवर बोटं ठेवून माइकला ओठ लागल्यावर झिणझिण्या आल्या, तर ‘चालतं गं’ म्हणायचं नाही. वाजवणं थांबव आणि वायरमनला बोलाव. गणपतीतल्या मंडपात तर मी हे आधी बघते, मग बाकी सगळं.

तर समज, बाहेरून सगळं झालं आणि ॲम्प दुरुस्तीला द्यावाच लागला. इथे मनातलं बोलते. तुला तिथे ‘ताई, केबल नीट लावली होती का?’ असं विचारतील. मलाही विचारतात. राग येतो, पण प्रश्न चुकीचा नसतो. पुष्कळदा खरंच केबलच असते. तू रागावू नकोस आणि दबूही नकोस. वही उघड आणि सांग: केबल दोन बदलून बघितल्या, गिटार दोन. थंड असताना नीट, विसाव्या मिनिटाला जातो. सूर जातो पण ‘स्स्स’ राहतो. सेंड-रिटर्नला पॅच लावली तरी जातो, थेट रिटर्नला लावल्यावर जात नाही. थाप मारली की येतो. हा बघा व्हिडिओ. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस तुझ्याशी वेगळ्या स्वरात बोलायला लागतो, आणि त्याचं कामही निम्मं होतं. कारण अशा बिघाडाची खोड अशी असते, की त्याच्या टेबलावर ॲम्प मुकाट नीट वाजतो. ‘काही नाहीये, घेऊन जा’ म्हणून परत देतात, ते लबाडीनं नाही, त्यांना तो बिघाड दिसतच नाही. त्यांना सांग, अर्धा तास चालू ठेवा आणि मग जॅकच्या आसपासचे सोल्डर तपासा. तुटलेले भाग परत मागून घे, आणि काय बदललं ते बिलावर लिहून घे.

लिओ फेंडरचं नाव तुला गिटारवरून माहीत आहे. तो मुळात रेडिओ दुरुस्त करणारा. कॅलिफोर्नियात फुलर्टनला १९३८ साली त्यानं दुरुस्तीचं दुकान काढलं, तिथे वाजवणारे आपापले ॲम्प घेऊन यायचे. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. काय कमी पडतंय, कुठे त्रास होतो, हे तो त्यांच्याकडूनच ऐकून घ्यायचा. वाजवणारीच्या कानावर दुरुस्ती करणाऱ्याचा एवढा भरवसा असतो गं, तेव्हा ‘मला त्यातलं काही कळत नाही’ हे वाक्य दुकानाच्या पायरीवर तोंडातून काढायचंच नाही. सोल्डर तुला मारता येत नसेल, पण आवाज कधी, कसा, कुठपर्यंत जातो, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही.

कार्यक्रमाच्या पिशवीत आजपासून एवढं टाक: एक जादा गिटार केबल, दोन पॅच केबल, एक ९ व्होल्टची बॅटरी, ॲम्पच्या आकड्याचे दोन फ्यूज, छोटा स्क्रू ड्रायव्हर. आणि साउंडवाल्या दादांना सकाळीच विचारून ठेव, की ॲम्प गेलाच तर माझ्या पेडलबोर्डवरून डीआय बॉक्सनं थेट मिक्सरला देता येईल का. तुझ्या मल्टिइफेक्टमध्ये ॲम्पचा आवाज तयार करायची सोय आहेच, एक प्रीसेट त्यासाठी आधीच जमवून ठेव. दोन मिनिटांत बदल होतो, प्रेक्षकांना कळतही नाही.

आज तालीम किती वाजता आहे? त्याआधी अर्धा तास लवकर जा, खोली रिकामी असेल. सेंडमधून रिटर्नमध्ये पॅच लाव आणि वाजवत बस. आवाज गेला तर लगेच मला फोन करू नकोस. आधी स्पीकरला कान लाव आणि ‘स्स्स’ आहे की नाही ते बघ, मग कर. मी नऊपर्यंत साउंड चेकमध्ये आहे, त्यानंतर कितीही वाजले तरी फोन उचलते.